राहायची रजा

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी सहा ते आठ.
आमच्या हातांना कॉड माशाचा वास,
कितीही लिंबू चोळलं तरी.
रेबवार हीटरला चिकटून बसतो,
डायवा दाराशी, कारण तिची बस आठ-पाचची.

डोरीन फळ्यावर लिहिते: फास्ट.
म्हणजे वेगात, रेबवार ओरडतो
आणि दोन्ही हातांनी हवेत मोटार पळवतो.
बरोबर. पण धक्क्याला नाव अशी बांधली
की लाटेनंही हलेना, तर तीसुद्धा फास्ट.
रेबवारची मोटार हवेतच थांबते.
आणि उपास केला तर?
तोही फास्ट, डोरीन ओशाळून म्हणते,
जणू हा घोळ तिनंच घालून ठेवलाय.
मी मनाशी जुळवून पाहते:
ईस्टरआधीचे पंचावन्न दिवस, दूध नाही, मांस नाही,
समोरच्या पट्ट्यावरून मासे धावताहेत
आणि मी एका जागी बांधलेली.
एका पाळीत तिन्ही अर्थ फिटतात.

मार्चमध्ये कधीतरी ती बोलता बोलता म्हणाली,
या गाठी मला माझ्या लेट नवऱ्यानं शिकवल्या.
डायवानं घड्याळ पाहिलं.
मी विचारलं, किती लेट?
आमच्या केरेनची बस दोन-दोन दिवस लेट असायची,
तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही.
डोरीननं पेनाचं टोपण लावलं, काढलं,
पुन्हा लावलं.
अकरा वर्षं, ती म्हणाली.
मग कळलं. सगळ्यांना एकदम नाही.
रेबवार म्हणत राहिला, येईल, येईल,
तेव्हा डायवानं टेबलाखालून
त्याच्या बुटावर पाय दिला.

पुस्तकात पुढचा शब्द लेफ्ट होता.
नेमका त्याच दिवशी.
पुस्तकातली वाक्यं तिनं घेतलीच नाहीत.
तो गेला: लेफ्ट.
तो गेल्यावर उरलं ते: तेही लेफ्ट.
पिवळा रेनकोट, तंबाखूचा डबा,
कुणालाच न सुटलेली गाठ असलेला हातभर दोर.
मला राहवलं नाही. मी विचारलं,
आणि पलंगाची कुठली बाजू त्याची?
तिनं डोळे मिटून हात चाचपडल्यासारखा हलवला,
आणि खरोखरची हसली.
लेफ्ट.

जूनमध्ये माझं पत्र आलं. तपकिरी पाकीट.
एवढ्या मजकुरात एकच शब्द ओळखीचा निघाला, लीव्ह,
आणि पायांतलं बळ गेलं.
लीव्ह म्हणजे निघणं. दुसऱ्याच धड्यात होतं,
नऊची गाडी निघते, त्या वाक्यात.
मी बॅग काढली. कॉफीची सुरई शालीत गुंडाळून ठेवली.
सकाळी कॉफी हवी म्हणून काढली. पुन्हा ठेवली.
चार दिवस कुणाला बोलले नाही,
मासे मात्र सरळ कापत होते.

मंगळवारी डोरीननं चष्मा बदलला
आणि एका ओळीवर बोट ठेवलं:
लीव्ह टू रिमेन.
हे निघायचं लीव्ह नाही गं, ती म्हणाली,
हे रजेतलं. मुभेचं.
रजा तर कामावरून घरी जायची असते!
असते. पण ही राहायची आहे.
मी ते तीन शब्द पुन्हा पाहिले.
दारात एखादा यजमान उभा असावा,
एका हातानं आत ये म्हणणारा,
दुसरा हात कडीवर.
किती वर्षांची?
पाच.
आणि मग?
तिनं कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता.

डायवानं केक आणला, अर्धा बसमध्ये चेपलेला.
रेबवारनं दोन तुकडे खाल्ले.
त्याचं पत्र अजून यायचंय.
लेट आहे, तो म्हणाला,
आणि लगेच डोरीनकडे पाहिलं,
काही चुकलं तर नाही ना, म्हणून.